मुलीचा बाप पहिल्या पंगतीत

नागप्पा अण्णा गेल्याचा निरोप मला गुलबर्ग्याच्या अडत बाजारात मिळाला. तुरीच्या पोत्यावर बसून मी एका परगावच्या व्यापाऱ्याला आमच्याकडच्या तुरीचं वर्णन ऐकवत होतो. दाणा इतका टणक, की डाळ पाडायला जातं पुरत नाही, सुतार बोलवावा लागतो, इथवर आलो होतो आणि व्यापारी मान डोलवत होता... तेवढ्यात पोत्यांमधल्या वाटेनं आमच्या गावचा शरणू गाडीवान येताना दिसला. मुंडासं डोक्यावर नव्हतं, हातात होतं. "अण्णा गेले," तो म्हणाला. आणि मला काही कळायच्या आत माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "कामून?"

असा प्रश्न कोणी विचारतं का? माणूस गेला म्हटल्यावर 'कधी' विचारतात, 'कशानं' विचारतात. शरणू गडबडला. "कामून म्हंजे... ताप व्हता की," असं काहीतरी पुटपुटला, आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं, माझ्याही आलं. तो प्रश्न माझा नव्हताच. तुमच्याकडे 'का' म्हणतात, आमच्या औरादच्या बाजूला 'कामून' म्हणतात, आणि त्या एका शब्दावर नागप्पा अण्णांची जन्मभर मालकी होती. आम्ही दोघं तुरीच्या पोत्यांमध्ये उभे राहून आधी हसलो. नंतरचं सांगत नाही. व्यापारी मात्र, ह्या गावची तूर खाऊन माणसं वेडी होतात असं समजून, सौदा न करताच निघून गेला.

हुमनाबाद, बिदर करत आम्ही औरादला पोचलो, आणि तिथून बैलगाडीनं गावात. तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, मातीत बसवतात. शेजारी सांगत होते, किती शांत बसवलं होतं अण्णांना. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, जो माणूस आयुष्यात कधी एका जागी स्वस्थ बसला नाही, त्याला बसवायला एवढी खटपट करावी लागली तर...

ह्याला आता काही आठवडे झाले. तिकडे हैदराबाद राज्याच्या वाटणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरून वाहत आहेत. त्यांच्या एका कोपऱ्यात आमच्या अण्णांनाही थोडी जागा मिळावी म्हणून हे लिहायला घेतलं आहे. मी थोडं वाढवून सांगतो असा माझ्यावर गावाचा आरोप आहे. तो खोटा आहे. मी फक्त कमी करून सांगत नाही.

अण्णांचं गुळाचं दुकान होतं. दुकानाच्या फळीवर बसून मी लहानाचा मोठा झालो, म्हणजे शाळेत होतो त्याहून जास्त तिथेच होतो. गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि अण्णा ढेप फोडता फोडता विचारायचे, "ऊस उभा गोड, मंग शेंड्याला आळणी कामून?" गिऱ्हाइकाला घाई असायची. अण्णांना नसायची. एकदा त्यांनी तुरीचं बी उलटं पेरून पाहिलं, मूळ वर येतं का म्हणून. रोज सकाळी उकरून बघायचे, बी बिचारं शरमेनंच मेलं. एकदा बिदरच्या मोटारीत पाठमोरे बसून गेले, अंग कमी घुसळतं का बघायला. कमी घुसळलं नाही, पण सगळी माणसं तोंडाकडे बघत असल्यामुळे उतरताना साऱ्या मोटारीशी ओळख झाली होती. कुणी हसलं तर अण्णांचं ठरलेलं वाक्य असे, "बघू तरी काय व्हतंय!" आणि हे ते इतक्या दणक्यात म्हणत, की औरादला म्हटलेलं उदगीरच्या म्हशींना ऐकू जाई आणि त्या रवंथ थांबवून मान वर करत. म्हशींचं मला उदगीरच्या माणसानंच सांगितलं आहे.

आता मुख्य गोष्ट. पोलीस ॲक्शनच्या आधी आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी एकाच घरी होती. देशमुखांकडे. हंडे, पातेली, पराती, सगळं. ज्याच्या घरी लग्न, त्यानं देशमुखांच्या दारात जाऊन पायरीखाली उभं राहायचं आणि भांड्यांच्या बदल्यात त्यांच्या शेतावर राबायचं. पोलीस ॲक्शनच्या सालच्या धामधुमीत देशमुख घराला कुलूप घालून हैदराबादला निघून गेले, जाताना भांडी गाड्यांत घालून घेऊन गेले. झालं! गावात पोरी उजवायच्या खोळंबल्या. मुहूर्त आहे, नवरा आहे, गहू आहे, गूळ तर अण्णांच्या दुकानात ढिगानं आहे, पण शिजवायचं कशात? तेव्हा अण्णांनी फळीवर बसून विचारलं, "भांडी एकाच घरी कामून? सगळ्यांनी मिळून आपली कामून नकोत?"

म्हणून भांडी मंडळ निघालं. अण्णांच्या दुकानामागची गुळाची खोली रिकामी करून दिली, भिंतीला खुंट्या मारल्या आणि दवंडी दिली की सभासद व्हा. वर्गणी ठेवली, नाव लिहायला कागद ठेवला. एक माणूस आला नाही. खरं म्हणजे येत होते, खोलीत डोकावत होते, कागद बघितला की चप्पल न घालताच मागे फिरत होते. तेव्हा त्या धामधुमीच्या आठवणी ताज्या होत्या. कुणी कुणाची नावं कागदावर लिहिली आणि पुढं काय काय झालं, हे प्रत्येकानं पाहिलं होतं. अण्णांनी तो कागद फाडला आणि त्याची पुडी करून गिऱ्हाइकाला गूळ बांधून दिला. म्हणाले, "नाव तर भांड्यावर घातलेलंच असतंय की! परत कागदावर कामून?" आमच्याकडे घरातल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर टाकीनं नाव कोरून घ्यायची रीत आहे. कुणाचं मराठीत, कुणाचं कानडीत, कुणाचं उर्दूत. वर्गणी नको, अंगठा नको. भांडं आणा, खुंटीला लावा, झालात सभासद. पहिली खुंटी अण्णांची. बायकोनं, म्हणजे आमच्या सुभद्राक्कानं, त्यांना हात लावू दिला अशी घरात एकच वस्तू होती, पितळेची एक तपेली. चार माणसांचा चहा मावेल एवढी. ती पहिल्या खुंटीला लागली.

मग भांडी येऊ लागली, आणि काय ती भांडी! ज्याच्या घरी गळकं होतं त्यानं गळकं आणलं. चेपलेलं आणलं, बुडाला ठिगळ असलेलं आणलं, एकानं तर नुसतं झाकण आणलं. "ह्याचं भांडं कुठाय?" मी विचारलं. तो म्हणाला, "भांडं घरी कामाला लागतंय." मी त्याला हाकलणार होतो, पण अण्णा म्हणाले, "दिगू, राहू दे. भांड्याला झाकण लागतंयच की." आणि झाकणवाला सभासद झाला. अशी अख्खी भिंत भरली, पण त्या भिंतीवरच्या सगळ्या भांड्यांत मिळून एका बारशाचा स्वयंपाक झाला नसता.

अण्णा दोन-चार दिवस गप्प होते. अण्णा गप्प, म्हणजे गावानं वैद्य बोलवायची तयारी केली. मग बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळीवर उभे राहून त्यांनी मंडळाचा एकच नेम सांगितला. ज्याचं भांडं चुलीवर चढंल, त्याचं पान पंगतीत पडंल. घर कुणाचंही असो, लग्न कुणाचंही असो. चुलीवरच्या भांड्यावर ज्याचं नाव, त्याला बोलावणं.

वाचकहो, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावातल्या बायकांना घरी स्वयंपाक करायला भांडं उरलं नाही. जो तो घरातलं मोठ्यात मोठं भांडं घेऊन धावत सुटला, कारण लहान भांडं लग्नाच्या चुलीवर चढत नाही हे एका पोरालाही कळत होतं. मल्लप्पा नावाचा आमचा एक दांडगा गडी होता. तो पंगतीला बसला की पलीकडच्या पंगतीतली माणसं पोराबाळांचा निरोप घेत. त्यानं सासुरवाडीहून भांडून पातेलं आणलं. सहा महिन्यांत शेजारच्या गावांतून भांडी येऊ लागली. वधूबाप भांडी न्यायला आले की आकार बघायच्या आधी काठावरचं नाव वाचत. "मल्लप्पाचं नको! त्यात जेवढं शिजंल तेवढं तो एकटाच खाईल." ह्या सगळ्यात एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही फार उशिरा आली. अण्णांची तपेली कुणीच नेत नसे. चार माणसांच्या चहाची तपेली लग्नात काय कामाची? अण्णा प्रत्येक लग्नात चुलीपाशी उभे असत, जाळ कसा धरलाय बघत, आचाऱ्याला कामून कामून विचारून भंडावत आणि पंगत बसली की घरी जाऊन भाकरी खात. "अण्णा, बसा की," कुणी म्हणालं तर हसत. "माझं भांडं कुठं चुलीवर हाय? नेम म्हंजे नेम."

तरी एक अडचण राहिली. आमच्याकडे लग्नात हुग्गी लागते, गहू आणि गुळाची घट्ट खीर, आणि ती चार भांड्यांत वाटून शिजवली तर चार चवींची होते. ती एकाच मोठ्या भांड्यात रटरटली पाहिजे. तसं भांडं पंचक्रोशीत एकच उरलं होतं, खैरूनबीची देग. देग म्हणजे तांब्याचं अफाट पोटाचं भांडं. खैरूनबीचा नवरा जहागीरदाराकडे खानसामा, म्हणजे आचारी होता, त्यानं कमावलेली ती वस्तू. पोलीस ॲक्शनच्या सालात तो बाहेर गेला तो परतला नाही. तेव्हापासून देग अंगणात पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या नांदत होत्या. एकदा गारांचा पाऊस झाला तेव्हा आमचा पोस्टमन सायकलसकट तिच्याखाली शिरून वाचला होता. पटत नसेल तर पोस्टमनला विचारा. त्याची बदली झाली आहे एवढंच.

एके दिवशी खैरूनबी शरणूच्या गाडीत देग घालून मंडळाच्या दारात आली. खाली उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, "अण्णा, भांडा लाये सो मेंबर, ऐसा बोले थे ना तुम?"

अण्णा म्हणाले, "व्हय. बोललो व्हतो."

"तो लेव. मेंबर बनाव."

मी तेव्हा दुकानात होतो. तोलायला घेतलेला गूळ तसाच तराजूत राहिला. त्या देगीत वर्षानुवर्षं काय शिजलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि नेमाचा पुढचा भागही माहीत होता. देग चुलीवर चढली तर खैरूनबीचं पान पंगतीत! अण्णांनी एकदा देगीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं. देग कुठल्याच खुंटीला लागणार नव्हती. ती त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून भांडी परत जायला लागली. रागानं नाही, तेच वाईट होतं. माणूस यायचा, खाली बघत आपलं भांडं खुंटीवरून काढायचा. "घरी पाव्हणे यायलेत, अण्णा." एवढे पाहुणे आमच्या गावात कधीच आले नव्हते. मल्लप्पासुद्धा आला, सासुरवाडीचं पातेलं काखेत मारून निघाला, दारात थांबला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "अण्णा, तिला परत पाठवा की. मला पंगती बुडवायला जड जायलंय." अण्णांनी पाठवलं नाही. तीन-चार वर्षं राबून जमवलेली भिंत आठवड्यात उघडी पडली. खुंट्या राहिल्या, तपेली राहिली आणि ते झाकण राहिलं. झाकणवाला विसरला असावा. आणि नेमकं त्याच वेळी अण्णांच्या शांतेचं लग्न ठरलं होतं, अफजलपूरकडच्या, भीमेकाठच्या घरात. व्याही कडक म्हणून नावाजलेले. सुभद्राक्का एवढंच म्हणाली, "लेकीच्या लग्नात तरी कामून-कामून करू नका." मंडळ बुडालं असतं तर गावात परत तेच झालं असतं, कुणाच्या तरी पायरीखाली भांड्यांसाठी उभं राहणं. आणि मंडळ वाचवायला जावं, तर लेकीचं लग्न मोडायचं भय होतं.

अण्णांनी काय करावं? त्यांनी तेलंगणाकडून एक कल्हईवाला आणवला. दवंडी दिली की येत्या बाजारी मंडळाच्या सभासदांना कल्हई फुकट. पण भांडं मंडळाच्या खुंटीवर असेल त्यालाच. तोवर सगळ्या गावाची भांडी आतून काळीनिळी झाली होती, आमटी कळकत होती. सकाळपासून पाहुणे परत गेले म्हणायचे! एकेक भांडं खाली मान घालून खुंटीवर परत आलं. बाजारतळावर भट्टी पेटली, भाता फुसफुसायला लागला. "पयलं कंचं घेऊ, अण्णा?" कल्हईवाल्यानं विचारलं. अण्णांनी देगीकडं बोट केलं. मोठं भांडं आधी, कामाची रीतच तशी, असं सगळ्यांना वाटलं. देग तापली, नवसागराचा पांढरा धूर उठला, कल्हईवाल्यानं कथील टाकून कापसाचा बोळा असा गरगरा फिरवला की काळ्या पोटात चांदणं पडलं. एवढं लखलखलं, की बिदरच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला सूर्य उत्तरेला उगवल्यासारखं दिसलं आणि त्यानं तसा अहवाल वर पाठवला. मग त्याच बोळ्यानं मल्लप्पाचं पातेलं, त्याच बोळ्यानं गुरवाचा हंडा, त्याच बोळ्यानं सगळ्या गावाची भांडी... संध्याकाळी सगळं चकचकीत होऊन खुंटीवर लागलं, तेव्हा अण्णा फळीवर चढले. "आता ज्याला आपलं न्यायचं त्यानं न्या. पर देगीत फिरलेला बोळाच तुमच्या भांड्यात फिरलाय. घरी जाऊन काय घासणार?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, भांडं इसरलं असंल, आमी न्हाई इसरलो!"

"मंग बस भट्टीवर," अण्णा म्हणाले. "तुलाबी कल्हई करू."

बाजार असा हसला की कल्हईवाल्याचा भाता न दाबताच फुगला. भांडी भिंतीवर राहिली. पण हसणं वेगळं आणि देगीतलं खाणं वेगळं. कुणीही आपल्या घरच्या लग्नाला देग न्यायला तयार होईना. जो तो म्हणे, आधी दुसऱ्यानं न्यावी. तेव्हा अण्णा सुभद्राक्काकडे न बघता म्हणाले, "शांतेच्या लग्नाला नेऊ. बघू तरी काय व्हतंय."

लग्न लागलं. मांडवामागं चुलाण पेटलं होतं, देगीत हुग्गी रटरटत होती, वेलदोड्याचा वास भालकीपर्यंत गेला होता. नेमाप्रमाणं पंगतीत खैरूनबीचं पान मांडलं होतं. ती आली, बसली. तिच्या दोन्ही बाजूंची पानं मोकळी राहिली. गावातला एकही माणूस तिकडे फिरकेना, सगळे मांडवाच्या खांबांना टेकून उभे, जणू खांब पडायला आलेत. खैरूनबी पानाकडं बघत बसली होती. तिचा हात पदराशी चाळा करत होता, आता उठेल, मग उठेल... आणि तेवढ्यात मी पाहिलं, व्याही चुलीकडं चालले होते. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस, उर्दू त्यांना मराठीइतकी सहज. देगीच्या काठावरचं नाव त्यांनी वाकून वाचलं. सरळ झाले. वळले. तोंड उघडलं.

आणि नेमक्या त्या क्षणाला मांडवातून बायकांची आरोळी आली, "अगं बाई! मुलीचा बाप जेवायला बसला!"

वाचकहो, आमच्याकडे मुलीचा बाप शेवटी जेवतो. वऱ्हाड जेवून, हात धुऊन, विडा खाऊन झाल्यावर, उभ्या उभ्या. आणि आमचे अण्णा खैरूनबीच्या शेजारच्या पानावर मांडी घालून बसले होते आणि हुग्गीचा घास तोंडात होता! नवऱ्यामुलाच्या आधी, व्याह्याच्या आधी! व्याह्यांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं. "ही काय रीत झाली? वरपक्ष उपाशी आन् पोरीचा बाप हुग्गी वरपायलाय?" मग जो गोंधळ झाला तो मी सांगायचा नाही, कारण खरा सांगितला तरी खोटा वाटेल. वऱ्हाड रुसलं, मावळण रडली, एका काकानं घोडं सोडून आणलं. अण्णा हात जोडून उभे. "चुकलं. दंड सांगा." व्याही गरजले, "दंड म्हंजे आदी आमाला वाढा! आत्ता!" आणि सगळं वऱ्हाड ताडताड येऊन बसलं. रागात माणूस फार जेवतो. देगीतली हुग्गी त्यांनी दोनदा, तीनदा मागून घेतली. आपली अब्रू राखण्याच्या नादात कुणीही देगीचं नावसुद्धा काढलं नाही. वऱ्हाड जेवतंय म्हटल्यावर खांबाला टेकलेलं गाव बसलं. मल्लप्पा तर खैरूनबीच्या दुसऱ्या बाजूच्या पानावर बसला, तेवढीच जागा उरली होती, आणि मल्लप्पाला पंगत बुडवणं जड जायचं हे तुम्हाला माहीत आहे.

लग्न पार पडलं. मंडळ तरलं. त्यानंतर कुठल्याही लग्नाला देग आधी सांगून ठेवावी लागू लागली. काही दिवसांनी सोलापूरच्या मोटारीतून, मग रेल्वेतून, मग परत मोटारीतून एक तांब्याचा हंडा आमच्या गावात आला. काठावर व्याह्यांचं नाव ताजं कोरलेलं. सोबत निरोप नाही, काही नाही. भीमेकाठचा पहिला सभासद!

मी अण्णांना कितीतरी वेळा विचारलं. "अण्णा, त्या दिवशी तुमी पंगतीत कामून बसलात? तुमचं भांडंबी चुलीवर नव्हतं. व्याही नाव वाचायलेत ते बघून बसलात, का खैरूनबी उठायली म्हणून बसलात, का...?" जन्मभर दुसऱ्यांना कामून विचारणारा माणूस ह्या एका कामूनला एकच उत्तर द्यायचा. "भूक लागली व्हती, दिगू." आणि ढेप फोडायला लागायचे. परवाच्या उन्हाळ्यात शेवटची भेट झाली तेव्हाही तेच. उलट मलाच विचारू लागले, "राज्य वाटून घ्यायलेत म्हनं. उदगीर तिकडं, आपण हिकडं. आपली भांडी तर दोन्हीकडं हायेत. हुग्गी शिजायली आन् मधूनच सीमा गेली, तर ढवळायचं कुणी?" मी म्हणालो, "सरकारला विचारा." म्हणाले, "इचारतो की. कामून न्हाई?"

ते विचारायचं राहिलं.

त्यांच्या गणाराधनेच्या जेवणाला, म्हणजे माणूस गेल्यावर समाजाला घालतात त्या जेवणाला, मी गावातच होतो. सकाळी सुभद्राक्कानं मला बळंबळं दोन भाकऱ्या खायला घातल्या होत्या आणि वर पिठल्याचा सगळा तवा माझ्या ताटात ओतला होता. रडू येत असलं की ती वाढते. चुलाणावर देग चढली होती. चार गावांची भांडी आली होती, काठांवर तीन लिप्यांतली नावं होती आणि नेमाप्रमाणं पानं मांडणं चालू होतं. खैरूनबी आता पाठीतून वाकली आहे. ती काठी टेकत मंडळाच्या खोलीत गेली आणि पहिल्या खुंटीवरची तपेली काढून घेऊन आली. तिच्यात तूप घातलं आणि देगीच्या शेजारी जाळावर ठेवली. अण्णांची तपेली आयुष्यात पहिल्यांदा पंगतीच्या चुलीवर चढली.

"चढ्या ना चुल्हे पे?" ती म्हणाली. "अब पान रखो उसका."

पहिल्या पंगतीत, अगदी मधोमध, एक पान मांडलं गेलं. त्याच्या दोन्ही बाजूंची पानं मोकळीच राहिली. माणसं परत खांबांना टेकून उभी. मला काय वाटलं कोण जाणे, मी जाऊन डाव्या बाजूच्या पानावर बसलो. अजून पंगतीला बोलावणं झालं नव्हतं, ते मठाच्या स्वामींकडून यायचं होतं. अफजलपूरचे व्याही पुढं आले. आता म्हातारे झालेत, पण कडकपणा तोच. "अवो, बोलावणं न्हाई अन् काय न्हाई," ते म्हणाले. "आदीच कामून बसलात?"

"भूक लागली व्हती," मी म्हणालो.

व्याही माझ्याकडं बघत राहिले. मग त्या मोकळ्या पानाकडं. मग धोतराचा सोगा सावरत ते हळूहळू खाली वाकले आणि पानाच्या उजव्या बाजूला येऊन बसले.

"मलाबी," म्हणाले.

आणि खैरूनबी तपेली घेऊन तूप वाढायला निघाली. पहिली धार तिनं मधल्या पानावर सोडली.